छोट्या वाचनालयाची देवघेव कॉम्प्युटरवर आणायची तर: आधी रजिस्टर, सॉफ्टवेअर नंतर

शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात ही आमच्या वाचनालयाची खरी वेळ. सोलापूरच्या पूर्व भागात आहोत आम्ही, आठ हजाराच्या आसपास पुस्तकं, अडीचशे सभासद, एक ग्रंथपाल म्हणजे मी, आणि संध्याकाळी मदतीला एक कॉलेजचा पोरगा. यंत्रमागावरची पाळी सुटलेली माणसं, विड्या कारखान्यात देऊन परत निघालेल्या बायका, क्लास सुटलेली पोरं, सगळे त्या दीड तासातच येतात. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका शनिवारी एका बाईंनी पुस्तक परत आणलं आणि मला त्याचं कार्ड काही सापडेना, म्हणजे पुस्तक देताना त्याच्या खिशातून काढून तारखेच्या खणात ठेवतो ते. तारखेच्या खणात नाही, आधीच्या खणात नाही, पुढच्यात नाही. मागे आठ जण उभे. एक पोरगा म्हणाला, "काका, अजून शोधलालाव होय?" त्या बाई पाच मिनिटं थांबल्या, मग हातातलं नवीन घेतलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि रिक्षा जाईल म्हणून तशाच निघून गेल्या. कार्ड नंतर सापडलं, दुसऱ्याच पुस्तकाच्या खिशात घातलेलं होतं. त्या रात्रीच ठरवलं की आता हे कॉम्प्युटरवर घ्यायचंच.

आता वर्ष झालं सगळं चालू होऊन, आणि आजूबाजूच्या दोन-तीन वाचनालयांतले लोक येऊन बघून गेले, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "कुठलं सॉफ्टवेअर घेतलं?" म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. महाग आहे ती टायपिंगची मेहनत, आणि ती सगळी दाखल नंबरावर, म्हणजे पुस्तक आलं की रजिस्टरात त्याला मिळतो त्या नंबरावर, उभी असते. दाखल रजिस्टर नीट नसेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर आणा, गोंधळ फक्त कागदावरून स्क्रीनवर येईल.

हे मी अनुभवातून बोलतोय. काही वर्षांपूर्वी आमच्या कमिटीने एका कंपनीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं, वर दरवर्षी देखभालीचे पैसे वेगळे. साडेतीन हजार पुस्तकं टाइप करून झाली आणि हार्ड डिस्क गेली. बॅकअपची फाइल पेनड्राइव्हवर होती हो, पण ती त्यांच्याच सॉफ्टवेअरमधे उघडायची आणि नवीन कॉम्प्युटरवर टाकायला परत लायसन्सचे पैसे मागितले, कमिटीकडे तेव्हा तेवढे नव्हते. साडेतीन हजार नोंदी तशाच बंद फाइलमधे राहिल्या. त्यामुळे कोणी कितीही छान डेमो दाखवला तरी पहिली गोष्ट ही विचारा: माझी पूर्ण यादी मला एक्सेलमधे काढून मिळेल का, आत्ता, माझ्यासमोर? तिथं "हो करू की नंतर" असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या.

तर पहिलं काम, रजिस्टर. जुनी रजिस्टरं घेऊन बसा आणि तीन गोष्टी शोधा. एक, तोच नंबर दोन पुस्तकांना दिलेला आहे का. आमच्याकडे असे सत्तरेक निघाले, बहुतेक रजिस्टर संपून नवीन सुरू करताना झालेले. दोन, ४१२अ, ४१२ब असले नंबर. मधे राहून गेलेलं पुस्तक कोंबायला कुणीतरी दिलेले असतात, पण बारकोडात मराठी अक्षर जात नाही, त्यामुळे अशा पुस्तकांना सरळ शेवटचा चालू नंबर द्या आणि जुन्या ओळीसमोर लाल पेनाने नवीन नंबर लिहून सही करा. तीन, काही वाचनालयांत प्रत्येक विभागाचा नंबर वेगळा एकपासून चालतो, कादंबरी १, नाटक १, चरित्र १. मग "१ नंबरचं पुस्तक" म्हणजे कुठलं? तिथं पुढे आकडा जोडायचा, कादंबऱ्या १०००१ पासून, नाटकं २०००१ पासून, असं. आणि बाद केलेल्या पुस्तकाचा नंबर परत कुणाला द्यायचा नाही, कधीच नाही. कागदी रजिस्टर मात्र फेकू नका, अनुदानाच्या तपासणीला ते लागतंच, कॉम्प्युटर त्याच्या जोडीला आहे.

मग टायपिंग. इथं लोक घाबरतात, आठ हजार पुस्तकं कधी व्हायची म्हणून. आम्ही एक युक्ती केली, कपाट नंबर एकपासून सुरुवात केलीच नाही. जी पुस्तकं परत येतात ती त्याच दिवशी टाइप करायची, स्टिकर लावायचा आणि मगच रॅकवर. तीन महिन्यांत लोक खरोखर वाचतात ती जवळजवळ सगळी पुस्तकं आत आली, आणि देवघेव तेव्हाच चालू करता आली. बाकीची, म्हणजे वरच्या कप्प्यातली धूळ खात पडलेली, ती मागून सावकाश केली. रजिस्टर समोर असेल तर सवय झालेला माणूस तासाला पंचवीस-तीस पुस्तकं टाकतो, दोघं रोज दोन-दोन तास बसले तर दिवसाला शंभर सहज. सुरुवात जूनमधे करा. मे महिन्यात सुट्टीतल्या पोरांची गर्दी, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आणि दिवाळीनंतर दिवाळी अंकांची झुंबड, ह्या तिन्ही वेळा टाळायच्या. दिवाळी अंकांना वेगळी नंबरमाळ ठेवा, ते पुस्तकांच्या रजिस्टरात घुसवू नका.

काय काय टाइप करायचं? दाखल नंबर, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, विभाग, भाषा, आणि कुठून आलं, म्हणजे खरेदी, भेट की राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून. एवढंच. पानं किती, आवृत्ती कुठली हे नंतर वेळ मिळाला तर. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय नंबर, असेल तर टाका, पण आपल्या निम्म्या पुस्तकांवर तो नसतोच, आणि नंबर टाकला की नेटवरून माहिती आपोआप येते म्हणतात ते मराठी पुस्तकांच्या बाबतीत फार कमी वेळा जमतं. आणि मागच्या कव्हरवर छापलेला बारकोड आहेच की, तोच वापरू, असं करू नका. तो पुस्तकाचा असतो, प्रतीचा नसतो. एकाच कादंबरीच्या तुमच्याकडे तीन प्रती असतील तर तिन्हीवर तोच.

आता मराठी टायपिंगमधले खड्डे, हे कुठल्या मॅन्युअलमधे मिळणार नाहीत म्हणून जरा थांबून सांगतो. जुनी यादी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमधे करून घेतली असेल तर ती आधी युनिकोडमधे, म्हणजे मोबाइलवर आणि नेटवर चालतं त्या मराठीत, बदलून घ्या, कन्व्हर्टर नेटवर फुकट आहेत, पण नंतर प्रत्येक ओळ डोळ्याखालून घाला, जोडाक्षरं हमखास बिघडतात. दुसरं, "दुसऱ्या" मधला ऱ्या दोन पद्धतीने टाइप होतो, दिसायला एकदम सारखा, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. तसंच ॲडव्होकेट मधला ॲ, काही कीबोर्डवर तो एकच अक्षर असतो, काहींवर अ टाइप करून वर चंद्र देतात. माझ्याकडे मी एका पद्धतीने टाकत होतो आणि तो पोरगा मोबाइलवरून दुसऱ्या पद्धतीने, आणि सभासद शोधायला गेले की पुस्तक रॅकवर असून "नाही" दाखवायचं. उपाय सोपा आहे, सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, आणि आधीचं शोधा-बदला करून एकदाच साफ करायचं. लेखकाचं नाव आडनाव आधी, आद्याक्षरांमधे स्पेस द्यायची की नाही, हेही एकदाच ठरवून भिंतीवर कागद चिकटवा. आणि सोलापूर आहे, तेलुगू, कन्नड, उर्दू पुस्तकं असणारच. नाव त्या त्या लिपीत टाकाच, पण शेजारी मराठी अक्षरांतही लिहा, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला वाचता येत नसलं तरी सापडतं.

आणि आकडे! दाखल नंबर इंग्रजी आकड्यातच टाकायचा. मराठी कीबोर्ड चालू असताना आकडेही मराठी पडतात, आणि बारकोड स्कॅनर वाचतो इंग्रजी आकडे, दोन्ही जुळत नाहीत. ह्याच्याच उलटी डोकेदुखी स्कॅनरची. स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने एक कीबोर्डच असतो, तो बटणं दाबल्यासारखे आकडे पाठवतो आणि शेवटी एंटर मारतो, वेगळं सॉफ्टवेअर काही लागत नाही. पण मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर तोच स्कॅनर मराठीत टाइप करतो. आम्ही दोन दिवस स्कॅनर खराब समजत होतो, दुकानात परत घेऊन गेलो, त्याने लावून दाखवला तर व्यवस्थित, कारण त्याच्याकडे कीबोर्ड इंग्रजी. आता काउंटरच्या कॉम्प्युटरवर कागद लावलाय, स्कॅन करायच्या आधी खाली कोपऱ्यात बघा. आणखी एक, एक्सेलमधे ००४१२ टाकलं की पुढचे शून्य उडतात, म्हणून तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर नंबर सरळ १०००१ पासून सुरू करा.

स्कॅनर वायरवाला, साध्या उभ्या रेषा वाचणारा घ्या. आम्हाला दीड हजाराच्या आत मिळाला. वायरलेस नको, चार्ज करायचा राहतो आणि गर्दीतच बंद पडतो.

बारकोड छापायला महागडा प्रिंटर लागत नाही. कोड ३९ नावाचा प्रकार आहे, त्याचा फॉन्ट गुगलवर फुकट मिळतो, लिब्रे बारकोड ३९ नावाने. नंबराच्या आधी आणि नंतर फुलीचं चिन्ह, म्हणजे तो तारा असतो ना कीबोर्डवर आठच्या बटणावर, तो टाकायचा आणि फॉन्ट बदलायचा, झाला बारकोड. कोड १२८ जास्त आटोपशीर असतो पण त्यात तपासणीचा आकडा काढावा लागतो, नुसत्या फॉन्टने होत नाही, त्यासाठी झिंट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ए-फोर स्टिकर शीट मिळतात, एका शीटवर पासष्ट स्टिकर, आठ हजार पुस्तकांना सव्वाशे शीट. लेझर प्रिंटरवरच छापा. इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते. आणि दुकानात बिलं निघतात तसल्या थर्मल कागदाचे स्टिकर स्वस्त पडतात म्हणून घेऊ नका, आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पुस्तकं अक्षरशः तापतात, तो कागद उष्णतेनेच छापला जातो आणि उष्णतेनेच खराब होतो. गोंदही साधा असेल तर पाघळून स्टिकर घसरतो, म्हणून वरून रुंद पारदर्शक टेप मारा, स्टिकरपेक्षा दोन्ही बाजूंनी बोटभर जास्त. स्टिकर कुठे लावायचा ह्यावर आमच्याकडे वाद झाला होता. मी मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला लावतो, जिथे तारखेचा कागद चिकटवलेला असतो तिथेच, पुस्तक उघडायची हाताला सवय आहेच आणि घासून जात नाही.

आता सॉफ्टवेअर. दोन-अडीच हजारच पुस्तकं असतील आणि दिवसाला वीस-पंचवीस देवघेव असेल तर गुगल शीट्ससुद्धा पुरतं, खोटं नाही सांगत. तीन पानं करा, पुस्तकं, सभासद, देवघेव. देवघेवच्या पानावर सभासदाचा नंबर स्कॅन, पुस्तकाचा नंबर स्कॅन, शेजारच्या खान्यात व्हीलुकअप नावाच्या सूत्राने नाव आपोआप. स्कॅनरच्या सोबत जो कागद येतो त्यावर एक बारकोड असतो, तो स्कॅन केला की एंटरऐवजी टॅब मारायला लागतो, मग कर्सर खाली न जाता शेजारी जातो. परत आल्याची तारीख रिकामी असलेल्या ओळी फिल्टर केल्या की बाहेर काय काय आहे ते समोर. पण हे तुम्हाला अडवत नाही, एकच पुस्तक दोघांच्या नावावर टाकलं तरी गप्प बसतं, म्हणून व्याप वाढला की खरं सॉफ्टवेअर घ्या.

आम्ही घेतलं ते स्लिम्स. इंडोनेशियात तिथल्या शिक्षण खात्याच्या ग्रंथालयात तयार झालेलं, मुक्त, एक पैसा नाही. साध्या विंडोज कॉम्प्युटरवर झॅम्प, म्हणजे त्याच कॉम्प्युटरला छोटा सर्व्हर बनवणारं पॅकेज, टाकून चालतं, त्यात एक्सेलची यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, करून चढवता येते, सभासदाचं ओळखपत्र, बारकोड, स्टॉक चेकिंग सगळं आतच आहे. टाकल्या टाकल्या ॲडमिनचा पासवर्ड बदला, तो सगळ्या जगाला माहीत आहे, आणि झॅम्पमधल्या डेटाबेसलाही पासवर्ड द्या. वाचनालयात वायफाय असेल तर सभासद स्वतःच्या मोबाइलवरून यादी शोधू शकतात, इंटरनेट नसलं तरी, फक्त त्या कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, राउटरमधे पक्का करून ठेवायचा.

कोहा ह्यापेक्षा मोठं आहे आणि माझ्या मते जास्त भक्कम. न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रामीण ग्रंथालय संस्थेने १९९९ मधे बनवून घेतलं आणि २००० च्या जानेवारीत चालू केलं, तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ते खरोखरच सगळ्यांना भेट म्हणून दिलं. आज मोठमोठी विद्यापीठं वापरतात. पण ते विंडोजऐवजी लिनक्सवर चालतं, त्यामुळे डेबियन किंवा उबंटू हे लिनक्सचे प्रकार टाकता येणारं कोणीतरी हाताशी पाहिजे, इंजिनिअरिंगला शिकणारं गल्लीतलं पोरगं असलं तरी चालेल. चार जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) टाकलेला जुना कॉम्प्युटर आमच्यासारख्यांना पुरतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. सभासदांचे प्रकार, पुस्तकांचे प्रकार आणि देवघेवीचे नियम आधी भरल्याशिवाय ते पुस्तक द्यायलाच तयार होत नाही, नवीन माणसाला वाटतं बिघडलंय. आणि मराठी शोध नीट चालायला त्याच्या झेब्रा नावाच्या शोधयंत्रणेत आयसीयू नावाचं, वेगवेगळ्या लिप्या समजणारं सेटिंग निवडावं लागतं, हे इन्स्टॉल करतानाच सांगा.

एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर संस्थेचं, ई-ग्रंथालय आहे, ते मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी, आपल्याला मिळेल का हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारून बघा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट ह्या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या संस्थेचं सोल नावाचं सॉफ्टवेअर कॉलेजांना बरं, आपल्याला नको.

सेल्फ चेकआउटचं बरेच जण विचारतात. त्याची मोठी मशिनं आणि आरएफआयडीचे, म्हणजे पुस्तकातली चिप ओळखणारे, दरवाजे लाखांत जातात, ते विसरा. कोहामधे सेल्फ चेकआउटचं पान फुकट आहे, जुना लॅपटॉप आणि दुसरा स्कॅनर ठेवला की सभासद स्वतः कार्ड आणि पुस्तक स्कॅन करून जाऊ शकतो. स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका असेल, पोरं सकाळी सहाला येत असतील आणि तुम्ही दहाला, तर जरूर करा. आमच्याकडे मी नाही केलं. आमच्या सभासदांपैकी निम्म्यांना "नवीन काय आलंय" हे माझ्याकडूनच ऐकायचं असतं आणि मलाही त्यांनी काय वाचलं ते ऐकायचं असतं.

कार्डाचं एक सांगायचं राहिलं. प्लास्टिकची कार्डं करू नका, पैसे जातात आणि लोक घरीच विसरतात. आम्ही एक वही केली, आडनावाच्या अक्षराप्रमाणे सभासदांची नावं आणि समोर प्रत्येकाचा बारकोड, ती काउंटरवरच असते. नाव सांगा, मी वहीतून स्कॅन करतो, मग पुस्तक स्कॅन, दहा सेकंदात माणूस मोकळा. हातात पिशवी, कडेवर पोर घेऊन आलेल्या बाईला कार्ड शोधायला लावायचं नाही. सभासदाच्या माहितीत नाव, पत्ता, मोबाइल, अनामत एवढंच ठेवा, आधार नंबर कशाला हवाय वाचनालयाला. उशीर झालेल्यांची यादी दर सोमवारी काढून व्हॉट्सॲपवर एकेकाला साधा मेसेज टाकतो, ग्रुपवर नाही, चारचौघात नाव घेतलं की माणूस दुखावतो. पहिले दोन महिने दंड शून्य ठेवा, कारण सुरुवातीला चूक तुमच्या नोंदीत असण्याची शक्यता जास्त.

लाइट गेली तर? छोटा यूपीएस घ्याच, निदान चालू नोंद पूर्ण होऊन कॉम्प्युटर नीट बंद करता येतो. त्यापुढे वही, दोनच रकाने, सभासद नंबर आणि दाखल नंबर, लाइट आली की चढवायचं. आमचा कॉम्प्युटर एका सभासदाने ऑफिसातला जुना दिला, त्यात एसएसडी टाकली, मग स्कॅनर, यूपीएस, स्टिकर, टेप, छपाई आणि पेनड्राइव्ह धरून सगळं मिळून बारा हजाराच्या आत बसलं. कॉम्प्युटर सेकंडहँड विकत घ्यावा लागला तरी वीस हजाराच्या आसपास.

बॅकअप रोज. वाचनालय बंद करायच्या आधी डेटाबेस एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर, दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून, एक वाचनालयात आणि एक माझ्या खिशात घरी. आठवड्याला एकदा पूर्ण यादी एक्सेलमधे काढून गुगल ड्राइव्हवर. आणि महिन्यातल्या पहिल्या रविवारी तो बॅकअप घरच्या लॅपटॉपवर टाकून उघडतो, जुन्या रजिस्टरमधलं कुठलंही पान काढतो आणि त्यातले पाच नंबर टाकून बघतो. पाचही पुस्तकं बरोबर आली की लॅपटॉप बंद.